मिरी उतरली ती वेळ

सात वाजायला दोन मिनिटं असताना इलाहीचाचांनी मिरीच्या उजव्या पंखावर शिक्का मारला, शाई सुकावी म्हणून दोनदा फुंकर घातली आणि तिला माझ्या हातात परत दिलं.

"किती म्हैन्याची म्हणालास?"

"दहावा लागलाय."

"पिसं बदलली सगळी?"

"बदलत आलीत."

"बदलत आलीत म्हंजे बदलली न्हाईत," चाचा म्हणाले. पण ते त्या दिवशी आमच्या गच्चीवर पंच म्हणून आले होते. पिसांचा नियम कागदावर नव्हता, म्हणून ते घड्याळ काढून बसले.

गिरेबाज कबुतराच्या पिल्लाची पहिली पिसं झडून नवी पूर्ण आल्याशिवाय त्याला स्पर्धेत उडवायचं नाही, हे कबुतरं पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण मिरीसारखं कबूतर माझ्या ढाबळीत वीस वर्षांत झालं नव्हतं. अंगावर मिऱ्यांसारखे बारीक काळे ठिपके, छाती रुंद, आणि सरावाला सोडलं की आठ-आठ तास वर. मला राहवलं नाही.

"सोड," चाचा म्हणाले.

मी हात उघडले. मिरी आमच्या गच्चीवरून, शेजारच्या माग-शेडच्या पत्र्यावरून एक चक्कर मारून सरळ वर चढली. तो आमचा सुट्टीचा वार होता. इचलकरंजीत माग बंद असले की गावाला कान फुटल्यासारखी शांतता असते. त्या शांततेत तिच्या पंखांचा आवाज बराच वेळ ऐकू आला.

"सात वाजता सुटली," चाचांनी तक्त्यावर लिहिलं.

या स्पर्धेत पळापळ नसते, पण ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना माहीत आहे की दिवसभर काळीज जागेवर नसतं. कबूतर सकाळी सोडायचं आणि ते जितका वेळ हवेत राहील तितका वेळ धरायचा. तासातून एकदा तरी ते पंचाला दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर बाद. स्वतःच्याच गच्चीवर उतरलं पाहिजे. मालकाला वाटलं तर तो पांढरं कबूतर हातात धरून फडफडवतो. ते बघून वरचं कबूतर खाली येतं. त्याला आम्ही पांढरी दाखवणं म्हणतो. पांढरी दाखवली की खेळ संपला.

वर्षाच्या आतल्या कबुतरांचा गावातला रेकॉर्ड होता दहा तास बावन्न मिनिटांचा. म्हणजे मिरी पाच वाजून त्रेपन्न मिनिटांपर्यंत वर राहिली असती तर माझं नाव आमच्या कबूतर मंडळाच्या फळ्यावर लागलं असतं. मी, अर्जुन म्हेत्रे, लोकांच्या मागांची दुरुस्ती करणारा जॉबर. दुसऱ्या कुठल्या फळ्यावर माझं नाव लागण्यासारखं मी काही केलेलं नव्हतं.

समर माझ्या शेजारी उभा होता, मान वर, एक डोळा मिटून. त्याला दुर्बीण लागत नसे. मला ठिपका दिसायचा तिथे त्याला पंख दिसायचे.

समर जन्माला आला तेव्हा आम्ही त्याचं नाव श्रावणी ठेवलं होतं. आमची एकुलती एक मुलगी. दहावीनंतर त्याने केस कापले आणि दिवाळीत आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, मी मुलगा आहे, मला कायमच माहीत होतं. आमच्या भागात पोरीसुद्धा "मी आलो, मी गेलो" असंच बोलतात, त्यामुळे त्याच्या बोलण्यात मला कधी काही वेगळं जाणवलं नव्हतं. त्याची आई, कला, महिनाभर रडली आणि मग एक दिवस त्याला समर म्हणायला लागली. मी म्हणत नव्हतो. आज म्हणतो, म्हणून इथे तसंच लिहितोय.

"किती उंच आहे?" मी विचारलं.

"लई. चक्कर लहान घ्यालीय. मस्त आहे, पप्पा."

"मग."

"आज दाणा तुम्हीच टाकला होय? मला उठवलं पण नाही."

"लवकर टाकला," मी म्हणालो.

आठच्या सुमाराला त्याने पाठीवरच्या सॅकमधून कागद काढला. मला माहीत होतं तो काढणार. मोठ्या शहरातलं एक क्लिनिक त्याने फोनवर शोधलं होतं. दोन वेळा व्हिडिओवर बोलणं झालं, दोन्ही मिळून चाळीस मिनिटं. तेवढ्यावर ते पुरुषांच्या हार्मोनचं इंजेक्शन सुरू करायला तयार होते. वय सोळा, म्हणून आईवडिलांच्या सह्या पाहिजेत. कला म्हणाली होती, मी एकटी करणार नाही, पप्पांनी केली तर करीन.

"उद्या सकाळी पाठवायचा आहे," समर म्हणाला. "नाहीतर नंबर जातो. पुढचा तीन महिन्यांनी."

"जाऊ दे."

"पप्पा."

"अगं, सोळाव्या वर्षी मोटारसायकल देत नाहीत हातात."

"ऑगस्टमध्ये सतरा होतील."

"त्या इंजेक्शनाने आवाज बदलतो. बदलला की परत येत नाही म्हणतात."

"मला परत नकोच आहे."

"आज नको आहे."

"तुम्हाला कळत नाही. रोज सकाळी आरशात बघायचं म्हणजे काय असतं ते."

मला खरंच कळत नव्हतं. आणि माझं लक्ष वर होतं. मिरी ढगाच्या कडेला होती, आणि तो बोलत राहिला तसं मला वाटलं, आता ही डोळ्याआड होणार.

"पप्पा, एक सही. फक्त एक."

"ही सहा वाजेपर्यंत वर राहिली तर करतो सही. जा," मी म्हणालो.

समर माझ्याकडे वळला. म्हणाला, "खरंच?"

"चाचा साक्षीदार."

"कसली सही?" चाचांनी विचारलं.

"दवाखान्याच्या कागदावर."

चाचांनी डब्यातल्या काकडीला मीठ लावलं.

बोललो तेव्हा डोक्यात एवढंच होतं की सहापर्यंत कुठलं पिल्लू राहतंय. ते खरं धरलं तर माझा रेकॉर्डही होणं कठीण होतं, आणि ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. कलाच्या लक्षात आली ती दुसरीच गोष्ट. ती उप्पिटाच्या थाळ्या घेऊन जिन्यात उभी होती.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

"ऐकलं मी."

"मग विचारालीस कशाला?"

"पोराचं अंग कबुतरावर लावलंत." तिने थाळी चाचांच्या पुढे ठेवली. "चाचा, खावा. गरम आहे. ह्यांना नका देऊ."

चाचांनी खरंच दिलं नाही.

दहापर्यंत ऊन चढलं. मेचा महिना, गच्ची तापलेली. कलाने दोन जुनी लुगडी ओली करून कठड्यावर टाकली. मिरी दिसत होती. दर तासाला समर बोट दाखवायचा, चाचा दुर्बीण लावायचे आणि "हजर" म्हणून तक्त्यावर खूण करायचे. शेजारच्या गल्लीतली दोन कबुतरं साडेदहाला उतरली. पलीकडच्या पेठेतलं एक बाराला. मंडळाच्या पोरांचे फोन यायला लागले.

"चार तास झाले," मी म्हणायचो. "पाच झाले."

बाराला चाचा म्हणाले, "अर्जुन, आता एकच हाय तुझं. बाकी सगळी पत्र्यावर."

मी आणि समर सकाळचं सगळं विसरलो. तो वर बघून सांगायचा, मी चाचांना सांगायचो. सव्वा वाजता ससाणा आला. आधी समरला दिसला. "पप्पा, उत्तरेकडून," एवढंच बोलला आणि माझा दंड धरला. ससाणा वरून येतो. त्याच्या वर राहणं एवढाच कबुतराला उपाय. मिरी चढायला लागली. दोघंही इतकी चढली की मला काहीच दिसेना.

"बोल की."

"वर आहे. ती वर आहे. तो खाली राहिला... फिरला. गेला, पप्पा, गेला तो."

मी त्याला उचललंच. सोळा वर्षांच्या पोराला, त्या गच्चीवर. चाचा टाळ्या वाजवत होते. कला जिन्यातून धावत आली.

"काय झालं? उतरली?"

"ससाण्याला हरवलं तुझ्या मिरीनं," मी म्हणालो.

"माझी कशी? ढाबळीतली घाण काढायला माझी, उडवायला तुमची." पण तीही कपाळावर हात धरून वर बघायला लागली.

दोननंतर मिरी दिसेनाशी झाली.

दोन वाजून पाच मिनिटांची तिची शेवटची खूण होती. पावणेतीनला चाचा घड्याळ गुडघ्यावर घेऊन बसले. मी दुर्बिणीतून आकाशाचा एकेक तुकडा बघत होतो आणि प्रत्येक तुकडा रिकामा. समर गच्चीच्या मधोमध उताणा झोपला होता, ओलं लुगडं डोक्याखाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तो डोळे मिटत नव्हता.

"तीन मिनिटं," चाचा म्हणाले.

"थांबा," समर म्हणाला. "टाकीच्या वर. सरळ वर. चाचा, इकडे या, माझ्या डोक्याशी उभं राहा."

चाचा गेले. दुर्बीण लावली. दुर्बिणीचं चाक फिरवलं, मग खुणेची टिकली मारली. "हजर. तीन वाजून चार मिनिटं." एका मिनिटाने वाचली.

"तुझ्या पोरीचे डोळे हैत का काय हैत," चाचा मला म्हणाले.

"माझ्या पोराचे," कला म्हणाली. ती सहज बोलली. चाचांनी तिच्याकडे पाहिलं, समरकडे पाहिलं आणि म्हणाले, "जे काय असंल ते, डोळे भारी हैत."

चार वाजता मला पहिल्यांदा हिशेब लागला. रेकॉर्डला एक तास त्रेपन्न मिनिटं, सहीला दोन तास. दोन्हींत सात मिनिटांचं अंतर. मिरी सहाला सात कमी असताना उतरली तर फळ्यावर नाव माझं आणि सहीपण टळली. मी मनातल्या मनात त्या सात मिनिटांना धरून बसलो. समरच्या मनात काय होतं ते तोंडावर दिसत होतं. तो दर पाच मिनिटांनी चाचांना वेळ विचारत होता आणि मला एकदाही नाही.

साडेचारला कला चहा घेऊन आली आणि माझ्याजवळ टेकली.

"राहिली सहापर्यंत तर करणार?"

"शब्द दिलाय."

"मला भीती वाटते हो," ती हळू आवाजात म्हणाली. "तो मुलगा आहे त्याची नाही वाटत आता. ती चाळीस मिनिटं आहेत ना, त्यांची वाटते. माझ्या गुडघ्याला त्यापेक्षा जास्त वेळ दिला होता डॉक्टरांनी."

"मग तू नाही म्हण."

"मी नाही म्हणाले तर तो तुमच्याशी बोलत नाही तसा माझ्याशीपण बोलायचा बंद होईल. मग कोणाशी बोलेल?"

मी चहा प्यायलो.

पाच वाजता समर ढाबळीत गेला. पांढऱ्या कबुतराची टोपली संध्याकाळी तयार ठेवायची असते. त्याला वेळ लागला. बाहेर आला तेव्हा टोपली डाव्या हातात होती आणि उजवी मूठ मिटलेली. काही न बोलता कठड्याशी जाऊन उभा राहिला आणि वर बघायला लागला.

पाच-वीस झाले. पाच-पंचवीस.

"चोच उघडी आहे तिची," तो म्हणाला.

"ऊन आहे."

"पंख बघा. मारत नाही, नुसते ताणून धरलेत. आणि चक्कर घेत नाही, सरळ चाललीय."

मी दुर्बीण लावली. खरं होतं. दमलेलं कबूतर हळूहळू खाली येतं, घराभोवती घिरट्या घालतं. हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. मिरी दमली होती, पण ती खाली येत नव्हती. तिला आपण दमलोय हेच कळत नव्हतं.

"अजून पंधरा-वीस मिनिटं," मी म्हणालो. "काढते ती."

पाच वाजून अडतीस मिनिटांनी समरने टोपलीचं झाकण काढलं. मी झडप घालून त्याचं मनगट धरलं.

"काय करालीस? रेकॉर्डला पंधरा मिनिटं आहेत. तुझ्या सहीला बावीस."

"माहीत आहे. हात सोडा."

"येडी आहेस काय? दिवसभर..."

त्याने उजवी मूठ माझ्या दुसऱ्या हातात उघडली. गोळ्यांची पट्टी होती, दोन गोळ्या काढलेल्या. मी ती दाण्याच्या डब्यामागे टाकली होती. माझ्या आईला दम्यासाठी द्यायचे त्याच गोळ्या. आमच्यातल्या एका कबुतरवाल्याने मला सांगितलं होतं, अर्धी-अर्धी दाण्यातून द्यायची, कबूतर दम विसरतं. आईचं तोंड त्या गोळ्यांनी कसं सुजलं होतं ते समरला आठवत होतं. शेवटी हाडं ठिसूळ होऊन तिला दूध प्यायला वाटीसुद्धा धरवत नव्हती, तेव्हा वाटी समर धरायचा.

"ह्या गोळ्या घ्यायचं वय झालं होतं मिरीचं?" त्याने विचारलं.

मी मनगट सोडलं.

त्याने पांढरं कबूतर दोन्ही हातांत धरून डोक्यावर नेलं आणि फडफडवलं. वरती काही झालं नाही. त्याने पुन्हा फडफडवलं. मग तो ठिपका थांबल्यासारखा वाटला, आणि मिरीने पंख मिटले.

ती उतरली नाही, पडली. दगड पडतो तशी. कलाने तोंडावर पदर धरला. चाचा उभे राहिले. पाण्याच्या टाकीच्या उंचीवर तिने पंख उघडले, तिरकी झाली, ढाबळीच्या फळीवर आदळली आणि कुशीवर पडली.

समर आधी पोचला. त्याने तिला उचललं नाही. बोटाने पाण्याचा एक थेंब चोचीला लावला. मग दुसरा. चौथ्या थेंबाला ती उठून बसली.

"पाच एकेचाळीस," चाचा म्हणाले.

आम्ही चौघं तिथेच खाली बसलो, ढाबळीच्या सावलीत. बराच वेळ मिरीची छाती वरखाली होत होती, ती बघत. मी पट्टी मुठीत धरून होतो.

"सहीचं आता..." मी बोलायला लागलो.

"पैजेवर नको," समर म्हणाला. "जिंकलो असतो तरी नको होती. मला पाच वाजता कळलं ते."

"मग मी नाहीच म्हणायचं का?"

"तुम्ही आधीच म्हणालाय." तो मिरीकडे बघत होता. "मला घाई आहे, पप्पा. किती आहे ते तुम्हाला सांगूनसुद्धा कळणार नाही. पण त्या फोनवर मी एक पण प्रश्न विचारला नाही."

"का?" कलाने विचारलं.

"विचारला तर म्हणतील, ह्याची खात्री नाही. मग देणार नाहीत. म्हणून सगळ्याला हो म्हणालो. झोप लागते का, हो. घरचे बरोबर आहेत का, हो."

"घरचे बरोबर आहेत म्हणालास?"

"हो."

कला हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरले.

"आणि काय विचारायचं होतं?" मी म्हणालो.

त्याने खांदे उडवले. मग म्हणाला, "हाडांचं. आजीसारखं होतं का ते. पुढे मला मूल पाहिजे झालं तर काय. आणि... मधेच मला वाटलं, चुकलं, तर काय. हे सगळं मलाच विचारायचं होतं, तुम्हाला नाही. तुम्ही विचारता ते नुसतं मला थांबवायला."

ते खोटं नव्हतं. मला त्याची काळजी होती, पण दिवाळीपासून मी एकही प्रश्न उत्तर ऐकण्यासाठी विचारला नव्हता.

"कोणाला तरी समोर बसून विचारायला पाहिजे," कला म्हणाली. "तासभर. दोन तास. परत-परत."

"मला एकट्याला जमत नाही," समर म्हणाला. "पप्पा येतील का, विचार."

तो माझ्याशी बोलत होता आणि विचारत होता तिला.

"येतो," मी म्हणालो. "पण उद्याचा तो कागद जाणार नाही. आणि तिथले डॉक्टर थांब म्हणाले तर थांबायचं. चालेल?"

"आणि ते हो म्हणाले तर?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. मिरीने एक पंख पसरला, झटकला आणि मिटला.

"तर मग मीपण ऐकायचं," मी म्हणालो.

चाचा मघापासून पेन उघडून बसले होते. "वेळ लिवली. दहा तास एकेचाळीस. रेकॉर्ड न्हाई, पण आजचा पहिला नंबर तुझाच. काय हरकत?"

मी पट्टी त्यांच्या तक्त्यावर ठेवली.

चाचांनी ती उलटी केली, सुलटी केली. माझ्याकडे बघितलं नाही. चाळीस वर्षं कबुतरं पाळलेला माणूस, त्यांना काही सांगावं लागलं नाही. "बाद लिवतो," ते म्हणाले.

"लिहा."

"पुढच्या सालीपण उडवता येणार न्हाई तुला."

"लिहा."

त्यांनी लिहिलं. मग खालच्या रकान्यावर पेन टेकवलं. "पांढरी कोणी दाखवली? नाव लागतंय."

कला माझ्याकडे बघत होती. समर मिरीकडे. मी गेले सहा महिने ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. काढताना जीभ जड होईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

"समर अर्जुन म्हेत्रे," मी म्हणालो.

"स-म-र," चाचा अक्षर अक्षर लिहीत गेले. "बरोबर?"

"बरोबर," समर म्हणाला.

कला उठली. "मी चहा टाकते," म्हणाली आणि जिन्यात गेली. बऱ्याच वेळाने आली, आणि आली तेव्हा हातात चहा नव्हता. वही होती. "सांगा," ती म्हणाली, "काय काय विचारायचं. मी लिहिते. नाहीतर तिथे गेल्यावर तुम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसाल."

अंधार पडेपर्यंत एकवीस प्रश्न झाले. सात समरचे, तीन चाचांचे.

ज्या दवाखान्यात गेलो तिथल्या डॉक्टर बाईंनी पहिल्या दिवशी दीड तास ऐकलं आणि काही दिलं नाही. त्या समरशी वर्षभर बोलत राहिल्या, कधी एकट्याशी, कधी आम्हा तिघांशी. एकवीसपैकी चार प्रश्नांना त्या म्हणाल्या, याचं पक्कं उत्तर आज कोणाकडेच नाही. ते ऐकून समरने माझ्याकडे पाहिलं होतं, आणि का कोण जाणे, तेव्हापासून त्याचा त्यांच्यावर विश्वास बसला. अठरा पूर्ण होईपर्यंत इंजेक्शन नाही, असं ठरलं. ती दोन वर्षं त्याला सोपी गेली नाहीत. एकदा तर फार अवघड गेली, आणि तेव्हा कला आठ रात्री त्याच्या खोलीच्या उंबऱ्यात झोपली. एकोणिसाव्या वर्षी त्याने स्वतः सही केली. आज तो सत्तावीस वर्षांचा आहे, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो. दाढी राखतो. मिरी पुन्हा स्पर्धेत उडाली नाही. तिची पिल्लं मात्र गावभर झाली.

गेल्या वर्षी कलाच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनच्या सकाळी एक कागद आला. नातेवाइकाची सही. मी पेन घेतलं आणि माझा हात इतका हलायला लागला की नर्स म्हणाली, "आजोबा, दुसरं कोणी आहे का?"

समरने माझ्या हातातून कागद घेतला. वाचायला लागला. पहिल्या ओळीपासून, मागचं पान, पुढचं पान. सर्जन दारात उभे होते, घड्याळ बघत.

"डॉक्टर, बसता का दोन मिनिटं?" तो म्हणाला आणि खिशातून वहीचा घडी घातलेला कागद काढला. आदल्या दिवशी लिहून आणला होता. अकरा प्रश्न होते. शेवटचा होता, नाही केलं तर काय. डॉक्टर बसले. त्यांनी अकराही उत्तरं दिली. समरने आईकडे वळून प्रत्येक उत्तर तिला परत सांगितलं आणि विचारलं, "करायचं, मम्मी?"

"करायचं," कला म्हणाली.

त्याने सही केली. नात्याच्या रकान्यात लिहिलं, मुलगा. कला पलंगावरून मान उंचावून बघत होती. त्या ऑपरेशनने तिला आठ महिने दिले, पण ते आम्हाला त्या सकाळी ठाऊक नव्हतं.

"वेळपण लिही," ती त्याला म्हणाली. "चाचा लिहायचे तशी."